बाळाची घरच्या घरी सुरक्षित मालिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिश केल्याने बाळाला नेमका काय फायदा होतो?

मालिशीबद्दलच्या अपेक्षा अनेकदा फार मोठ्या असतात. हाडे मजबूत होतील, रंग उजळेल, नाक सरळ होईल, बाळ लवकर चालू लागेल, असे सांगितले जाते. यांपैकी एकाही गोष्टीला आधार नाही. हाडांच्या वाढीसाठी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम लागते. म्हणूनच केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला दररोज 400 आंतरराष्ट्रीय एकके इतके ड जीवनसत्त्व थेंबांच्या रूपात देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात. त्या थेंबांची जागा कोणतेही तेल घेऊ शकत नाही.

तरीही मालिश निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेतील संशोधिका टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी 15 मिनिटे मालिश केलेल्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा दररोज सुमारे 47 टक्के अधिक वाढले, आणि दोन्ही गटांतील बाळांनी घेतलेल्या दुधाचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच होते. ही बाळे रुग्णालयातील होती, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांबाबत 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध वैद्यकीय अभ्यास एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात) सहा महिन्यांखालील बाळांवरील 34 अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि सर्वच बाळांना मालिश करा असे सांगण्याइतका पुरावा भक्कम नाही, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा मालिश करावी ती बाळाला आणि आपल्याला बरे वाटते म्हणून. बाळ शांत होते, काही बाळांना झोप चांगली लागते, आणि आई-वडिलांना बाळाच्या अंगाची ओळख होते. ही कारणे पुरेशी आहेत. एखाद्या दिवशी मालिश राहून गेली तर बाळाचे काहीही बिघडत नाही.

कितव्या दिवसापासून सुरुवात करावी?

पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला हाताने हलके थोपटणे किंवा अंगाशी धरणे पहिल्या दिवसापासून चालते. तेल लावून मालिश करण्याची मात्र घाई करू नये. जन्मतः बाळाच्या अंगावर असलेला पांढरा, चिकट थर त्वचेचे रक्षण करतो, आणि जन्मानंतर पहिले 24 तास तरी आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यानंतरही नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले एक ते दोन आठवडे, बेंबीचा भाग कोरडा ठेवावा लागतो. त्या काळात मालिश करायचीच असेल तर पाय, हात आणि पाठ एवढ्यावर थांबावे आणि पोटाला तेल लावू नये. बाळाच्या पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून मगच तेलाची मालिश सुरू करणे मला अधिक योग्य वाटते. दोन आठवडे उशीर झाल्याने काही गमावले जात नाही.

दिवसातील कोणती वेळ चांगली?

घड्याळापेक्षा बाळाकडे पाहावे. बाळ जागे असावे, शांत असावे, टक लावून पाहत असावे. भुकेलेले किंवा झोपेला आलेले नसावे. दूध पाजल्यानंतर किमान अर्धा ते पाऊण तास जाऊ द्यावा, अन्यथा पोटावर जरा दाब पडताच दूध बाहेर येते. झोपलेल्या बाळाला उठवून मालिश करू नये. सुरुवातीला पाच मिनिटे पुरतात आणि पुढे बाळाला आवडत असेल तर 15 मिनिटांपर्यंत जावे.

जागा आणि खोली कशी असावी?

पलंगाची कड, टेबल किंवा कोणताही उंच ओटा टाळावा. तेल लागलेले बाळ हातातून मासोळीसारखे निसटते, आणि जे बाळ काल पालथे पडत नव्हते ते आज पडू शकते. जमिनीवर जाड सतरंजी किंवा घडी घातलेली गोधडी, तिच्यावर मऊ सुती कापड, आणि त्यावर बाळ, ही सर्वांत सुरक्षित रचना होय. पाय लांब करून त्यांवर बाळाला झोपवणाऱ्यांनी बाळाचे डोके पावलांकडे खाली लोंबकळत नाही ना, हे पाहावे.

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे उघडे बाळ लवकर गार पडते. खोलीचे तापमान 25 अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसावे, पंख्याचा झोत थेट अंगावर नसावा, आणि ज्या भागाची मालिश चालू नाही तो दुपट्याने झाकलेला असावा. अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे, नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. मोबाइल दूर ठेवावा. फोन घेण्यासाठी वळलेले ते दोन क्षणच बहुतेक अपघातांना पुरतात.

कोणते तेल वापरावे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका तेलाचे नाव सांगून देता येत नाही. नवजात बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर पातळ असतो. तो पाणी आत धरून ठेवण्याचे आणि जंतूंना बाहेर ठेवण्याचे काम हळूहळू शिकत असतो. या थरातील पेशींमधील स्निग्ध पदार्थांची मांडणी विटांमधील चुन्यासारखी असते. ओलिक आम्लाचे (तेलातील एका स्निग्ध आम्लाचे) प्रमाण जास्त असलेली तेले ही मांडणी विस्कळीत करू शकतात. ऑलिव्ह तेल हे त्याचे ठळक उदाहरण. याउलट लिनोलेइक आम्ल हे दुसरे स्निग्ध आम्ल अधिक असलेले सूर्यफुलाचे तेल तुलनेने सौम्य मानले जाते. मात्र सूर्यफुलाच्या तेलाचा एक वाण मुद्दाम जास्त ओलिक आम्ल असलेला तयार केला जातो, म्हणून बाटलीवर ‘हाय ओलिक’ असे लिहिलेले असेल तर ते घेऊ नये.

गुंता इथेच संपत नाही. मँचेस्टर येथील संशोधकांनी 2016 मध्ये नवजात बाळांच्या त्वचेवर ऑलिव्ह आणि सूर्यफूल ही दोन्ही तेले वापरून पाहिली, तेव्हा त्वचेतील ओलावा वाढला, पण स्निग्ध थराची घडण तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत मागे पडली. अर्थात, तेल नाही लावले तरी निरोगी बाळाच्या त्वचेचे काही अडत नाही. मालिशीत तेलाचे काम एवढेच असते, की हात घासला न जाता सरकावा. म्हणून थोडेसेच तेल, सुवासरहित, ताजे आणि स्वच्छ बाटलीतील, हा नियम पाळावा. खोबरेल तेल, सूर्यफुलाचे तेल किंवा सुवास नसलेले खनिज तेल (बाळांसाठीच्या ‘बेबी ऑइल’मध्ये असते ते शुद्ध केलेले तेल) यांपैकी जे बाळाच्या त्वचेला मानवते ते वापरण्यास हरकत नाही.

मोहरीचे तेल मात्र टाळावे. त्याचा झणझणीतपणा ज्या द्रव्यामुळे येतो तेच त्वचेचा दाह करते, आणि अंगात ‘ऊब’ आल्यासारखी जी जाणीव होते ती बऱ्याचदा त्या दाहाचीच असते. शेंगदाण्याच्या तेलाबाबतही सावध राहावे: खराब झालेल्या त्वचेवर ते लावल्याने पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी होण्याचा संबंध 2003 मध्ये दाखवला गेला आहे. कापूर, निलगिरी किंवा पुदिन्याचा अर्क घातलेली तेले बाळाला अजिबात लावू नयेत. कापूर त्वचेतून शरीरात शिरतो आणि त्यामुळे झटके येऊ शकतात. निलगिरी आणि पुदिन्यातील मेन्थॉलच्या उग्र वासाने लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो.

तेल लावण्याआधी तपासून पाहावे का? ते गरम करावे का?

बाळाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूस एक थेंब लावून 24 तास थांबावे. लाली, पुरळ किंवा खाज दिसली तर ते तेल वापरू नये. तेल विस्तवावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, कारण वरून कोमट लागणारे तेल आत चटका बसण्याइतके तापलेले असू शकते. चमचाभर तेल दोन तळव्यांत चोळले की पुरेसे कोमट होते. थंडीत बाटली काही मिनिटे कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी.

दाब किती द्यावा?

बोट इतके हलके फिरवू नये की बाळाला गुदगुल्या होतील. तशा स्पर्शाने बाळ दचकते आणि अंग आक्रसून घेते. इतका जोरही नसावा की त्वचा ताणली जाईल किंवा लाल वळ उमटेल. स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर बोटाने जितका दाब सहज सोसवतो, तितकाच बाळाच्या अंगावर द्यावा. अनुभवाने कळते ते असे: बाळाच्या मांडीभोवती पूर्ण तळवा गुंडाळून काही क्षण तसाच ठेवला, तर सुरुवातीला ताठ असलेला पाय हळूहळू सैल होतो आणि गुडघा बाहेरच्या बाजूला कलंडतो. तो सैलपणा हाताला जाणवल्यावरच हात पावलाकडे सरकवावा. पाय ताठच राहिला, तर त्या दिवशी तिथे मालिश नको.

हात नेहमी मांसल भागावरून फिरवावा. पाठीचा कणा, गुडघ्याची वाटी, कोपराचे टोक, गळा आणि बरगड्यांच्या खालचा भाग यांवर दाब देऊ नये. पाठीची मालिश कण्याच्या दोन्ही बाजूंनी, वरून खाली लांब हात फिरवून करावी.

सुरुवात कुठून करावी, आणि पोटाची मालिश कशी करावी?

सुरुवात पायांपासून करावी, कारण लंगोट बदलताना पायांना स्पर्श होण्याची बाळाला सवय झालेली असते. त्यानंतर पोट, छाती, हात आणि शेवटी पाठ, हा क्रम बहुतेक बाळांना मानवतो. छातीवर हात आला की काही बाळे हात पोटाशी आवळून घेतात. ते उघडण्यासाठी ओढू नयेत.

पोटाची दिशा मात्र नीट समजून घ्यावी. मोठे आतडे बाळाच्या उजव्या कुशीत खालून वर जाते, बरगड्यांखालून आडवे वळते आणि डाव्या कुशीतून खाली उतरते. वायू आणि शौच याच दिशेने पुढे सरकतात. तुम्ही बाळाच्या समोर बसलेले असाल तर बाळाची उजवी कूस तुमच्या डाव्या हाताला येते, म्हणजे तुमच्या नजरेने हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला पाहिजे. बेंबीभोवती मोठे वर्तुळ काढत, तळवा सपाट ठेवून, पाच-सहा वेळा हात फिरवावा. नंतर दोन्ही गुडघे हळूच पोटाकडे दुमडून दोन-तीन क्षण धरावेत आणि सोडावेत. या वेळी वायू सरला तर बाळाच्या चेहऱ्यावरच ते दिसते. पोट फुगून कडक झाले असेल, बाळ हिरवी उलटी करत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर पोटाला हात न लावता थेट रुग्णालय गाठावे.

मालिश करताना बाळ रडते. चालू ठेवावी का?

नाही. ‘रडले की फुफ्फुसे मजबूत होतात’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि ते सोडून देण्याजोगे आहे. रडण्याच्या आधीही बाळ बरेच काही सांगत असते: मान फिरवते, बोटे ताठ पसरते, कपाळावर आठी येते, उचकी लागते, सारख्या जांभया येतात, पाठीची कमान होते, अंगावर निळसर-लाल जाळी दिसू लागते. यांपैकी काहीही दिसले तर हात थांबवून तो तसाच स्थिर ठेवावा. बाळ निवळले तर पुढे जावे, नाहीतर गुंडाळून जवळ घ्यावे. सुरुवातीला तेल लावलेले तळवे बाळाच्या नजरेसमोर चोळून दाखवण्याची सवय ठेवली, तर काही आठवड्यांतच बाळ ते पाहून पाय उडवू लागते किंवा तोंड फिरवते, आणि आपल्याला उत्तर मिळते.

टाळूवर तेल ठेवल्याने टाळू लवकर भरते का?

टाळू म्हणजे कवटीची हाडे अद्याप न जुळलेली जागा. डोक्याच्या पुढच्या भागातील चौकटीच्या आकाराची टाळू साधारण 12 ते 18 महिन्यांत भरते, मागची छोटी टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत. हे हाडांच्या वाढीने घडते. तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. टाळूखाली मजबूत पडदा असतो, म्हणून अलगद स्पर्शाची भीती बाळगू नये, पण तिथे दाबणे किंवा थापटणे टाळावे. शांत बाळाला सरळ बसते धरल्यावर टाळू खोल गेलेली दिसली तर ते शरीरातील पाणी कमी झाल्याचे, आणि फुगून टणक झालेली दिसली तर मेंदूवरील दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. दोन्ही वेळी त्वरित डॉक्टरांकडे जावे.

कान, नाक आणि बेंबीत तेल घालावे का?

घालू नये. नाकात टाकलेले तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो, जो सहजी बरा होत नाही. कानात तेल साचले की बुरशी वाढते. बेंबीत तेलाने ओल राहते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मुलींच्या लघवीच्या जागीही तेल लावू नये.

हातपाय ताणणे, बाळाला उलटे धरणे किंवा झुलवणे हे व्यायाम योग्य आहेत का?

या एका बाबतीत माझे मत ठाम आहे: हे करू नये, आणि घरात कोणी करत असेल तर नम्रपणे पण तिथल्या तिथे थांबवावे. मालिशीमुळे होणाऱ्या बहुतेक दुखापती तेलामुळे होत नाहीत; बाळाला ‘मोकळे’ करण्याच्या किंवा ‘घडवण्याच्या’ हट्टाने होतात. नवजात बाळाचे पाय गुडघ्यात आणि मांडीत दुमडलेले, बाहेर कललेले असतात, आणि खुब्याचा सांधा नीट घडण्यासाठी तीच स्थिती आवश्यक असते. दोन्ही पाय जोडून जबरदस्तीने सरळ केले तर खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. हात धरून ओढल्याने कोपरातील हाडाचे टोक भोवतीच्या अस्थिबंधातून सरकू शकते. मग बाळ तो हात हलवेनासे होते. पाय धरून उलटे लटकवणे किंवा हवेत उडवणे त्याहून घातक आहे. जन्माच्या वेळी बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेच्या स्नायूंना ते पेलत नाही; जोराचा हेलकावा बसला तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो.

नाक चिमटणे, डोके दाबून गोल करणे, अंगावरची लव घासून काढणे यांचीही गरज नाही. प्रसूतीच्या वेळी लांबट झालेले डोके काही दिवसांत आपोआप पूर्ववत होते आणि लव पहिल्या काही महिन्यांत गळून जाते. नवजात मुलगा असो वा मुलगी, आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती काही आठवडे सुजलेली असू शकते, कधी थेंबभर दूधही येते. ती पिळल्याने गळू होतो. तिथे हातच लावू नये.

लस दिल्यानंतर मालिश करावी का?

सुई टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये आणि तिथे तेल लावू नये. ताप नसेल आणि बाळ खेळकर असेल तर उरलेल्या अंगाची मालिश चालते, पण एक-दोन दिवस सुट्टी घेणेच सोपे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, कधी ती फुटून खपली धरते. हे अपेक्षितच असते, आणि तिला काहीही लावायचे नसते.

कोणत्या वेळी मालिश पूर्णपणे टाळावी?

ताप, जुलाब, उलट्या, श्वास लागणे, अंगावर पुरळ, जखम किंवा हाड मोडल्याची शंका असेल तेव्हा. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर ती तातडीची वेळ समजावी. काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाला तेल लावू नये. मालिशीने कावीळ उतरतही नाही.

बाळ मुदतीआधी जन्मले आहे. त्याला मालिश चालेल का?

नवजात विभागातील डॉक्टर किंवा परिचारिका यांनी दाखवल्याशिवाय करू नये. अशा बाळांची त्वचा फारच नाजूक असते आणि जास्त हाताळल्याने त्यांचे हृदयाचे ठोके व श्वास बिघडू शकतात. त्याऐवजी आई किंवा वडिलांनी बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे धरणे अधिक हिताचे ठरते, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी त्याचा पुरावाही बराच भक्कम आहे.

इसब, घामोळे किंवा डोक्यावरची खपली असेल तर?

इसबाच्या लाल, ओलसर चट्ट्यांवर तेल लावू नये; डॉक्टरांनी दिलेले मलमच लावावे. उन्हाळ्यात जाड तेलाने घामोळे वाढते, म्हणून त्या दिवसांत तेल कमी करावे किंवा बंद ठेवावे. डोक्यावरची पिवळसर खपली निरुपद्रवी असते. आंघोळीपूर्वी थोडे खनिज तेल लावून ती मऊ करावी, मऊ ब्रशने सुटेल तेवढी सोडवावी आणि डोके धुऊन टाकावे. नखाने खरवडू नये.

मालिश करण्यासाठी बाहेरून कोणी येत असेल तर काय पाहावे?

त्या व्यक्तीचा अनुभव मोठा असेल, तरीही बाळ तुमचे आहे. मालिश पूर्ण होईपर्यंत समोर बसावे. हात धुतले का, नखे कापलेली आहेत का, खोकला किंवा त्वचेचा आजार तर नाही ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे, आणि ‘टाळू, नाक, कान यांना हात लावायचा नाही, छाती पिळायची नाही, ओढायचे नाही, रडले की थांबायचे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘मावशी, आमच्या डॉक्टरांनी नको सांगितले आहे’ असे म्हटले की सहसा कोणी दुखावत नाही. शक्य असेल तर काही दिवस पाहून स्वतःच शिकावे. वडिलांनीही.

मालिशीनंतर उन्हात ठेवावे का? आंघोळ कधी घालावी?

सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात ठेवू नये. तेल लावलेल्या अंगाने तर नाहीच. आंघोळ मालिशीनंतर लगेच किंवा थोड्या वेळाने घालावी. पाणी 37 ते 38 अंश सेल्सिअस असावे, कोपर बुडवून पाहिल्यास ते ना गरम ना गार लागावे. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ संपवावी, आणि मान, खाक व जांघेच्या वळ्या टिपून कोरड्या कराव्यात, कारण तिथे राहिलेले तेल आणि ओल यांमुळेच पुरळ उठते. बाळाला उचलण्यापूर्वी आपले हात आणि जमीन पुसून घ्यावी. तेलाने माखलेली कापडे नीट धुतल्याशिवाय गरम हवेच्या ड्रायरमध्ये टाकू नयेत किंवा तापलेली असताना ढीग करून ठेवू नयेत. वनस्पती तेल मुरलेले कापड आतल्या आत तापून पेट घेऊ शकते.

किती वयापर्यंत मालिश करावी?

ठरावीक मर्यादा नाही. सात-आठ महिन्यांचे बाळ दोन मिनिटांत पालथे होऊन रांगत निघून जाते, तेव्हा त्याला धरून ठेवू नये. हाती लागलेल्या एका पायाची मालिश करावी आणि सोडून द्यावे.